थ्रीडी प्रिंटर वापरून खोट्या पापण्या: मापापासून तयार जोडीपर्यंत

मध्यंतरी एक नृत्यशिक्षिका गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलेली एक स्ट्रिप लॅश, म्हणजे पट्टीवर केस बसवलेली खोटी पापणी, घेऊन आल्या. बँड (पापणीला चिकटणारी पट्टी) आणि केस, सगळी लॅश रेझिन प्रिंटरवर, म्हणजे उजेडाने घट्ट होणारं द्रव प्लास्टिक वापरणाऱ्या थ्रीडी प्रिंटरवर, एकसंध छापलेली होती. लांबून ती फार देखणी दिसत होती. चिमट्याने उचलताच मधले दोन केस मोडून टेबलावर पडले. बँडला बोट लावलं तर तो किंचित चिकट लागला. हा चिकटपणा म्हणजे पूर्ण न पक्कं झालेलं रेझिन. लॅश लावली असती तर ते डोळ्यापासून मिलिमीटरभर अंतरावर बसलं असतं, तेही तीन तासांच्या कार्यक्रमात, घामात.

अशा लॅशेस आणि त्यांच्या फाइली घेऊन येणारे बरेच जण भेटतात. प्रिंटर घरात असला की थेट केसच छापायचा मोह होतो. प्रिंटर लॅशच्या कामात खरोखर उपयोगी आहे, पण अवजारं बनवायला. माणसाच्या मापाची केस मांडायची चौकट आणि बँडला वळण देणारा ठोकळा त्यावर छापायचा. डोळ्याला लागणारी कुठलीही वस्तू छापायची नाही. पुढची सगळी पद्धत याच नियमावर उभी आहे.

आधी हिशेब: केस का छापायचा नाही

बाजारातल्या लॅशेसचा केस बहुधा पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरचा असतो. त्याची जाडी ०.०५, ०.०७, ०.१० मिमी अशी असते आणि टोक निमुळतं असतं. घरगुती रेझिन प्रिंटरचा एक पिक्सेल साधारण ०.०२ ते ०.०५ मिमीचा, म्हणजे ०.०७ मिमीचा केस दोन-तीन पिक्सेलवर उभा राहतो. प्रत्येक थर रेझिनच्या टाकीच्या तळाशी असलेल्या फिल्मपासून सुटताना बसणाऱ्या ओढीत तो टिकत नाही. मग लोक जाडी वाढवून ०.२० मिमी करतात आणि तिथेच फसतात. जाडी दुप्पट केली की वजन चौपट होतं आणि ताठपणा सोळापट. ०.०७ च्या जागी ०.२० मिमी घेतलं, तर त्याच पदार्थाचा केस साधारण ६६ पट ताठ होतो. पापणीच्या कडेवर असा केस काट्यासारखा टोचतो.

ताकीद: कच्च्या रेझिनमधले अ‍ॅक्रिलेट त्वचेला लागत राहिले तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. ती एकदा जडली की जेल नेलपॉलिशपासून दाताच्या फिलिंगपर्यंत त्याच कुळातले पदार्थ सोसत नाहीत. रेझिनच्या बाटलीवर ‘बायोकम्पॅटिबल’ लिहिलेलं असलं, तरी ते ठरावीक वापरासाठी असतं, उदाहरणार्थ दातांच्या उपचारातल्या काही वस्तूंसाठी. डोळ्यासाठी तो परवाना धरू नका.

तयारी

यातली एक गोष्ट नसली तरी काम मधेच अडतं, म्हणून सगळं आधी जमवून घ्या: सुटे, निमुळत्या टोकाचे पीबीटी केस (सरळ, १५ मिमी किंवा जास्त लांबीचे), बारीक काळा सुती धागा किंवा पारदर्शक नायलॉनचा दोरा, डोळ्यांसाठीच विकला जाणारा लॅश ग्लू, बोथट टोकाचा चिमटा, नवं ब्लेड, आलेखाचा कागद, कागदी मेडिकल टेप, बटर पेपर, आणि ८, १०, १२ व १६ मिमी व्यासाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या कांड्या.

सुटे केस मिळाले नाहीत तर लॅश एक्स्टेन्शनच्या (पापणीवर एकेक केस चिकटवायच्या कामाच्या) ट्रेमधले केस चालतात. त्यांना बाक आधीच दिलेला असतो, त्यामुळे टप्पा ६ गाळता येतो.

धागा निवडताना ऋतूचा विचार करा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कार्यक्रम असेल तर सुती बँड ओलावा धरतो आणि मऊ पडतो, तिथे नायलॉन बरा. रोज दोन तास लावायच्या लॅशला मात्र मी सुती धागाच घेते, कारण तो कोपऱ्यात टोचत नाही. माणसाच्या केसाच्या लॅशेस सुंदर दिसतात, पण दमट हवेत त्यांचा बाक उतरतो. शिकायला सुरुवात पीबीटीवरच करा.

रेझिनच्या कामाला नायट्राइल हातमोजे, उघडी खिडकी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन बरण्या लागतात. हे टेबल आणि लॅश जोडायचं टेबल वेगळं ठेवा.

टप्पा १: माप

फोनच्या स्कॅनमधून चेहऱ्याचा ढोबळ आकार मिळतो, पापणीची कड मिळत नाही. माप हातानेच घ्यायचं.

समोरच्या व्यक्तीला डोळा अलगद मिटायला सांगा, घट्ट नाही. कागदी टेपची ३ मिमी रुंद पट्टी कापा, तिचा चिकटपणा हाताच्या पाठीवर दोनदा लावून कमी करा आणि केसांच्या रांगेच्या लगेच वर अलगद ठेवा. मऊ आयलायनर पेन्सिलीने तीन खुणा करा. पहिली खूण नाकाकडच्या बाजूला जिथे नैसर्गिक केस सुरू होतात तिथे, दुसरी बाहेर जिथे संपतात तिथे आणि तिसरी बुबुळाच्या मध्याशी. तिसऱ्या खुणेसाठी डोळा उघडून सरळ समोर बघायला सांगा आणि पट्टीवरची जागा नजरेने धरा. मग पट्टी कोपऱ्यापासून हळूच सोडवून तशीच आलेखाच्या कागदावर चिकटवा. लांबी मिळते आणि कडेची कमानही मिळते.

दोन्ही डोळ्यांचं माप वेगवेगळं घ्या. डावा आणि उजवा एक मिलिमीटरने वेगळा असणं अगदी सर्रास आहे. एकाचं माप घेऊन दुसऱ्याला तेच वापरलं की एका बाजूचा कोपरा उचलला जातो आणि दोष ग्लूवर येतो.

तपासणी: प्रत्येक डोळ्याचं माप तीनदा घ्या. तिन्हींत १ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पट्टी ताणली गेली आहे, पुन्हा घ्या. प्रौढांत हे माप बहुतेकदा ३० मिमीच्या आसपास येतं. ४० आलं तर खुणा बघा.

ताकीद: व्हर्नियर कॅलिपरची टोकं डोळ्याजवळ नेऊ नका, कितीही सवयीचा हात असला तरी.

टप्पा २: लांबीचा नकाशा

इथे घाई होते आणि पुढे सगळं बिघडतं. फाइल उघडण्याआधी कुठल्या जागी किती लांब केस हवा, ते कागदावर ठरवा.

एक आधार घेता येतो. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश आढळली. हवेच्या झोताच्या प्रयोगात याच लांबीला डोळ्याचा ओलावा सर्वांत चांगला टिकला. केस त्याहून लांब झाले की ते हवा डोळ्याकडे वळवू लागतात. ३० मिमीच्या डोळ्याला ही लांबी १० मिमी भरते. रोजच्या लॅशसाठी मी आतल्या कोपऱ्याशी ६, बुबुळावर १०, बाहेरच्या बाजूला ११ आणि अगदी शेवटच्या दोन मिलिमीटरवर ९ असा नकाशा धरते. रंगमंचावर शेवटच्या रांगेतून डोळे दिसायला हवेत म्हणून १३-१४ पर्यंत जावं लागतं, पण तेवढ्याच वेळेपुरतं.

चष्मा असेल तर विचारा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिमीवर असते. लांब आणि कमी बाकाचे केस प्रत्येक उघडझापीला काचेवर घासतात.

घनताही इथेच ठरवा. वरच्या पापणीवर नैसर्गिक केस साधारण ९० ते १५० असतात. ३० मिमीच्या बँडवर दर मिलिमीटरला एक झुबका आणि झुबक्यात चार केस धरले तर १२० होतात. ०.०७ मिमी जाडीचे असे १२० केस मिळून अंदाजे ६ मिलिग्रॅम वजन होतं. तेवढेच केस ०.१५ मिमीचे घेतले तर २८ मिलिग्रॅम. संध्याकाळी पापण्या जड झाल्याची तक्रार बऱ्याचदा इथून येते.

टप्पा ३: फाइल

दोन वस्तूंची फाइल करायची. फ्रीकॅड, फ्यूजन किंवा तुम्हाला येतं ते सॉफ्टवेअर चालेल. मापं बदलली की आकार आपोआप बदलेल अशी बांधणी केली तर पुढचा ग्राहक दहा मिनिटांत होतो.

*पहिली वस्तू: मांडणीची चौकट.* ६० × ४० × ५ मिमीची सपाट पाटी. तिच्या मधोमध बँडच्या लांबीपेक्षा ६ मिमी जास्त लांब आणि ३ मिमी रुंद अशी आरपार फट. फटीच्या दोन्ही टोकांना धागा ताणून बांधायला एक-एक खुंटी. फटीच्या एका बाजूला फणी, म्हणजे दर १ मिमीवर ०.३ मिमी रुंद आणि तितक्याच खोल खाचा. फणीपलीकडे १.५ मिमी उंच वळणदार भिंत. धाग्यापासून या भिंतीचं अंतर त्या-त्या जागी नकाशातल्या लांबीएवढं ठेवायचं. फटीच्या दुसऱ्या बाजूला नुसता सपाट भाग, तिथे केसांची मुळं टेपने दाबली जातील.

फट आरपार का, हे सांगायला हवं. मी सुरुवातीला तिथे उथळ खाच ठेवली होती. ग्लू धाग्यातून झिरपून खाचेत जमला, बँड चौकटीलाच चिकटला आणि सोडवताना प्रत्येक वेळी चार-पाच झुबके गेले. व्हॅसलिन लावलं तर ते बँडमध्ये मुरलं आणि डोळ्यावर ग्लूच धरेना. फट आरपार असली की बँड हवेत लटकतो, खाली चिकटायला काही नसतं.

आणि भिंत का? केसाचं निमुळतं टोक हीच लॅशची शोभा. बहुतेक जण केस चिकटवून झाल्यावर कात्रीने टोकं छाटून लांबी जुळवतात. छाटलेली टोकं बोथट होतात आणि लॅश दात घासायच्या ब्रशसारखी दिसते. भिंतीला टोक टेकवून केस ठेवला की लांबी टोकाकडून पक्की होते आणि जादा भाग मुळाकडे उरतो. कापायचा तो मुळाकडून.

*दुसरी वस्तू: वळणाचा ठोकळा.* माणसाचं बुबुळासकट नेत्रगोल साधारण २४ मिमी व्यासाचं असतं. त्यावर पापणीची जाडी धरून १३ मिमी त्रिज्येचा गोलसर माथा असलेला ठोकळा करा आणि त्यावर टप्पा १ मधली कमान १ मिमी रुंदीच्या उथळ रेषेने कोरा. तयार लॅश यावर रात्रभर बसेल.

तपासणी: चौकटीच्या दोन फाइली हव्यात, डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या. आधी आरसा-प्रतिमा करा, मग ‘डा’ आणि ‘उ’ ही अक्षरं उठवा. क्रम उलटा झाला तर अक्षर उलटं छापलं जातं. आरसा करायचाच राहिला तर दोन्ही लॅशेस एकाच डोळ्याच्या होतात, आणि हे कळतं ते सगळं काम संपल्यावर.

टप्पा ४: छपाई

चौकट रेझिनवर, ०.०५ मिमीच्या थरात. सवयीने ४५ अंशांत तिरकी करू नका, खाचांच्या कडांना पायऱ्या पडतात. पाटी बेडवर (छपाई जिला चिकटते त्या पाटावर) सपाट ठेवा, फणी बेडच्या उलट दिशेला. खाचांच्या बाजूला सपोर्ट (छपाईतले आधाराचे खांब) अजिबात नको. अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत दाखवायची सोय) बंद ठेवा, नाहीतर बारीक खाचांच्या कडा करड्या पिक्सेलमध्ये बुजतात.

त्याआधी एक छोटी चाचणीपट्टी छापा, ०.१५, ०.२०, ०.२५, ०.३० आणि ०.३५ मिमीच्या खाचांची. प्रत्येकीत चार केसांचा झुबका बसवून बघा. तुमच्या प्रिंटरवर ०.३० ची खाच प्रत्यक्षात ०.२२ निघू शकते. ज्या खाचेत झुबका अलगद बसतो आणि आडवा हलत नाही, तेच माप फाइलमध्ये घाला.

छापल्यावर अल्कोहोलच्या पहिल्या बरणीत धुवा, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा, मग दुसऱ्या स्वच्छ बरणीत बुडवा. पूर्ण वाळू द्या, मगच रेझिन पक्कं करायला यूव्ही दिव्याखाली ठेवा. ओली वस्तू यूव्हीखाली ठेवली की पृष्ठभाग चिकट राहतो. उरलेलं रेझिन आणि मळकं अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही. बरणी झाकण सैल ठेवून उन्हात ठेवा, रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं, मग गाळून गाळ कचऱ्यात.

वळणाचा ठोकळा साध्या फिलामेंट प्रिंटरवर (प्लास्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या) पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापला तरी उत्तम.

रेझिन प्रिंटर नसेल तर अडत नाही. फिलामेंट प्रिंटरच्या ०.४ मिमीच्या नोझलने बारीक खाचा निघत नाहीत, पण उवा-लिखा काढायची धातूची फणी घ्या, नवी. तिचे दात वर येतील अशी खोबण पाटीत ठेवून ती बसवा. फटींमधलं अंतर मोजून बघा आणि साधारण दर मिलिमीटरला एक फट वापरा. मी वर्षभर असंच काम केलं.

तपासणी: कापसाचा बोळा फणीवरून आणि भिंतीवरून फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे केसही अडकेल. ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने तेवढाच भाग घासा आणि चौकट साबणाच्या पाण्याने धुवून घ्या.

टप्पा ५: केस मांडणं

धागा खुंट्यांना ताणून बांधा. बोटाने टिचकी मारल्यावर तो थरथरला पाहिजे. सैल धाग्यावर बँड नागमोडी होतो.

बुबुळाच्या खुणेपासून सुरू करा आणि दोन्ही बाजूंना जा. एका टोकापासून निघालं की शेवटी जागा कमी तरी पडते किंवा उरते. झुबका चिमट्यात मुळाकडून धरा, टोक भिंतीला टेकवा, खाचेत बसवा, मूळ धाग्यावरून पलीकडे जाऊ द्या. पाच-सहा झुबके झाले की मुळांवर टेप दाबा. पहिली लॅश मांडायला तासभर लागेल, तो लागू द्या.

सगळे झुबके बसले की टूथपिकच्या टोकाने धाग्याच्या रेषेवर ग्लूचा पातळ थर द्या, त्यावर दुसरा धागा पहिल्याच्या बरोबर वर ताणा आणि पुन्हा पातळ थर. केस दोन धाग्यांच्या मधे धरले जातात. ग्लूचे दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा लवचिक राहतात. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद इथे चालत नाही, तो काचेसारखा कडक होतो.

चोवीस तास वाळू द्या, पावसाळ्यात छत्तीस. मग फटीतून ब्लेडने मुळं धाग्यालगत कापा. ब्लेड एका दिशेने ओढा, करवतीसारखं मागेपुढे नाही.

तपासणी: बँडच्या आतल्या बाजूवरून बोटाचं पेर फिरवा. टोचलं तर मूळ उरलं आहे. हा भाग पापणीच्या नाजूक कातडीवर बसणार आहे, इथे ‘चालेल’ म्हणू नका.

टप्पा ६: बाक

बाजारात सी, डी अशी बाकांची नावं चालतात, पण एका कंपनीचा सी दुसरीच्या सी शी जुळेलच असं नाही. स्वतःच्या वहीत कांडीचा व्यास लिहा. १० मिमीचा केस १६ मिमीच्या कांडीवर साधारण ७२ अंश वळतो, १२ मिमीच्या कांडीवर ९५ आणि ८ मिमीच्या कांडीवर १४३. सोडल्यावर बाक थोडा उलगडतो, म्हणून हव्या त्या बाकापेक्षा एक माप बारीक कांडी घ्यावी लागते.

बँड कांडीला समांतर आणि सपाट टेकवा. मुळाजवळचा मिलिमीटरभर भाग सरळच राहिला पाहिजे, नाहीतर बँड पापणीवर आडवा बसत नाही, उभा राहतो. वर बटर पेपर घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा. ओटीजीमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून ८० अंशांवर २० मिनिटं. मग कांडीवरच पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना सोडलं तर बाक जातो. कमी वाटला तर पुढच्या खेपेला १० अंश वाढवा, ११० च्या वर जाऊ नका. ग्लू ही उष्णता सोसतो का, ते आधी टाकाऊ तुकड्यावर बघा.

ताकीद: छापलेली कुठलीही वस्तू ओटीजीत जाऊ देऊ नका. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. छापलेल्या कांडीवर बाक द्यायला जाणाऱ्यांची कांडी आणि लॅश दोन्ही वाकडी निघतात.

टप्पा ७: वळण आणि पहिली चाचणी

लॅश ठोकळ्यावरच्या रेषेत बसवा, दोन्ही टोकं कागदी टेपने धरा, रात्रभर ठेवा. बँडला पापणीचं वळण लागलं की कोपरे उचलण्याची निम्मी तक्रार संपते.

ग्लू नवा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून चोवीस तास थांबा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे का, हे तोंडाने विचाराच. मग लॅश आधी ग्लूशिवाय डोळ्यावर धरून बघा. नाकाकडचं टोक नैसर्गिक केसांच्या आत शिरत असेल तर जादा भाग बाहेरच्या टोकाकडून कापा, कारण आतले आखूड केस नकाशाप्रमाणे तिथेच हवेत.

पहिली चाचणी फक्त पंधरा मिनिटांची. डोळा सावकाश वीस वेळा मिटायला सांगा, वर-खाली बघायला सांगा, चष्मा लावून बघायला सांगा. पाणी येणं, टोचणं, लाली यातलं काहीही दिसलं तर लगेच काढा. काढल्यावरही लाली राहिली किंवा दिसायला धूसर वाटलं तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा, घरगुती थेंब घालू नका.

टप्पा ८: एकापेक्षा जास्त जोड्या

पहिली जोडी पास झाल्याशिवाय दुसरी मांडायला घेऊ नका. पास झाली की त्याच फाइलच्या चार-पाच चौकटी एकत्र छापा, एक वाळत असताना दुसरी मांडता येते. प्रत्येक चौकटीवर फाइलचा क्रमांक उठवा आणि वहीत त्याच्यापुढे केसाची जाडी, झुबक्यातले केस, कांडीचा व्यास, तापमान लिहा. दर पाच-सहा लॅशेसनंतर खाचांत ग्लूचे कण साचतात, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने काढा. एकाने घालून बघितलेली लॅश दुसऱ्याला द्यायची नाही, धुवूनही नाही.

केसच छापायचे असतील तर

बाहुल्या, कळसूत्री, मुखवटे, दुकानातले पुतळे यांच्यासाठी जरूर छापा, तिथे डोळा खरा नसतो. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या फिलामेंट प्रिंटरवर केस काढायची रीत दाखवली. नोझलने कडेवर बारीक थेंब टेकवायचा आणि झटकन आडवं सरकायचं, मागे तार ओढली जाते आणि टोकाकडे आपोआप निमुळती होते. गरम गोंदाच्या बंदुकीमागे तार सुटते तोच हा प्रकार. थेंब मोठा झाला तर तार जाड, हालचाल मंद झाली तर टोकाशी गाठ. आधी वेग वाढवून बघा, मग तापमान पाच-पाच अंशांनी बदला. दोन्ही एकदम बदलले तर कशाने सुधारलं ते कळत नाही. पुढच्या वर्षी एमआयटीच्या गटाने रेझिनवर ०.०५ मिमीपर्यंतचे उभे केस छापून दाखवले, पण त्यासाठी त्यांना नेहमीची कॅड फाइल बाजूला ठेवून प्रत्येक थराचं चित्र स्वतःच्या सॉफ्टवेअरने तयार करावं लागलं. विकतच्या स्लायसरमधून (फाइलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) तेवढी अपेक्षा ठेवू नका.

बाहुलीच्या पीएलए पापण्यांना बाक द्यायला हेअर ड्रायरची दूरची झुळूक आणि धातूची कांडी पुरते. आणि या पापण्या किंवा पीएलएची डबी मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. नागपूर-अकोल्याच्या उन्हात डॅशबोर्डवर डबीचं झाकण वाकतं आणि आतली जोडी त्याखाली दबते. प्रवासात तयार लॅशेस वळणाच्या ठोकळ्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डबा सावलीत.